घुमट कुणी वाजवायचे?

माझी सासुरवाडी गोव्यात, डिचोलीची. त्यामुळे भाद्रपदातले सात-आठ दिवस मी गाण्याच्या शिकवण्यांना सुट्टी देतो आणि आंबोलीचा घाट उतरून तिकडे जातो. आपल्या कोल्हापुरात गणेशोत्सव म्हटला की आधी मांडव डोळ्यांपुढे येतो. गोव्यातली चवथ ही घराची. पांगलेली भावंडे मूळ घरी येतात, वर्षभर मिटलेल्या खोल्यांतून केरसुणी फिरते, आणि एका गणपतीपुढे चार बिऱ्हाडांची माणसे एका पंगतीला बसतात. यंदाच्या आठवड्यात मोठेसे काही घडले नाही. तरी परतल्यापासून एक प्रश्न पाठ सोडीत नाही, म्हणून हे लिहितो.

चवथीच्या आधीच्या शनिवारी मेहुण्याबरोबर माटोळीच्या बाजारात गेलो. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि परसातली फळे-पाने बांधतात, ती माटोळी. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरंजन, आंबाडे, तांबडीलाल कवंडळे. ही आरास पाहिली की आमची रंगीत कागदाची मखरे अगदीच फिकी वाटतात. एका म्हाताऱ्या विक्रेतीला मेहुण्याने विचारले, "मावशी, यंदा भाव एवढा का?" ती म्हणाली, "रान लांब गेलं, बाबा."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. डिचोली तालुक्याच्या डोंगरांनी लोहखनिजापायी पुष्कळ सोसले आहे. मग २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ चालल्या, २०१८ साली पुन्हा बंद झाल्या. अलीकडे लिलाव होऊन काही ठिकाणी काम सुरू झाले आहे. खाण चालली तर डोंगर जातो, थांबली तर ट्रकचा हप्ता थकतो आणि घरातला मुलगा नोकरीसाठी बाहेर पडतो. या दोन्हींतले बरे कोणते, हे त्या बाजारात उभे राहून सांगण्याची माझी प्राज्ञा नाही.

रविवारी पेडण्याकडे गेलो. धाकटी मेहुणी मांद्र्याला दिली आहे. हा पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी बाकी गोव्याबरोबर मुक्त झाला. आता तालुक्यात मोप्याला विमानतळ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले, आणि जमिनीची बोलणी घरोघर ऐकू येऊ लागली. मेहुणीच्या शेजारचे जुने घर विकले गेले आहे. नवे मालक दूरच्या शहरातले. दिवे लागतात ते शनिवार-रविवारी. घर सुरेख रंगवले आहे, खोटे का बोला. "पण चवथीला त्या घरात पाच घुमटे वाजायची," मेहुणी म्हणाली. रात्री किनाऱ्याकडून यंत्रावरच्या संगीताचा ठोका येत होता. बराच वेळ जागा राहून मी त्याच्या मात्रा मोजीत होतो. ही आमच्या धंद्याची खोड!

घुमट म्हणजे काय, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. दोन्हीकडे उघडे असे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड मोकळे. एका हाताने कातड्यावर थाप द्यायची आणि दुसऱ्या हाताचा तळवा मोकळ्या तोंडावर उघडमीट करून नाद घुमवायचा. साथीला शामेळ आणि कांसाळे. पूर्वी कातडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे आले. जुने वाजवणारे म्हणतात, तो नाद गेला. असेल. पण नादासाठी घोरपडी माराव्यात असे मला वाटत नाही. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला, त्याचाही आनंदच आहे.

या घुमटांवर ज्या आरत्या होतात त्या मराठी. भाषेचा वाद गोव्यात किती गाजला ते आपण वाचलेले आहे. १९८७ साली राजभाषेचा कायदाही झाला. परंतु दिवसभर कोकणी बोलणारी माणसे तासतासभर या मराठी आरत्या म्हणतात आणि त्यात कुणाला काही विपरीत वाटत नाही.

आमच्या वाड्यावर आरती धरणारे एक काका होते. वैशाखात ते गेले. आवाज जाडाभरडा, स्वर कधी वर कधी खाली, मी जावई, त्यातून गाण्याचा मास्तर, म्हणून मला मुद्दाम शेजारी बसवून घेत आणि डोळे मिचकावून म्हणत, "मास्तर, कान बंद करा हं!" बुधवारी रात्री त्यांच्या वयाच्या एका शेजारीण काकूंकडे गेलो. त्यांचे दोन्ही मुलगे परदेशी, एक आखातात, एक जहाजावर. घरात काकू, सून आणि दहा वर्षांची नात. गणपती लहानसा, माटोळी नेटकी, पातोळ्यांना हळदीच्या पानाचा वास. आरतीची वेळ झाली तशी सुनेने संकोचून फोन पाटाजवळ ठेवला आणि त्यातून आरती सुरू झाली. गाणारे तयारीचे होते. आम्ही सगळे हात जोडून उभे, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही. फोन सुरेल गात असताना आपला बेसूर मध्ये कशाला घालायचा?

तेवढ्यात वाड्यावरची चार पोरे घुमटे घेऊन आली. पावसाने कातडी सैल पडलेली. ती चुलीच्या धगीला धरायची, तर घरात चूल नाही. अंगणात पत्र्याच्या आडोशाला कागद पेटवून शेकली. मग आरती सुरू झाली. दुसऱ्याच कडव्याला थोरला मुलगा लय चढवायची जागा चुकला आणि सगळेच अडखळले. काकू हात जोडून उभ्या होत्या, त्या एकदम म्हणाल्या, "आत्ताच नाही रे, अजून एक फेरा आहे," आणि तोंडाने बोल म्हणून दाखवले. अगदी बरोबर! मी चकित झालो. मागाहून विचारले, "काकू, तुम्ही कधी वाजवलंत?" त्या हसल्या. "आमच्या वेळी बायकांच्या हातात घुमट कोण देणार? स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं, साठ वर्षं."

साठ वर्षे जपलेली ती विद्या, आणि तिला कुणी कधी विचारले नव्हते. नात मात्र टक लावून पाहत होती. काकूंनी एका पोराच्या गळ्यातले घुमट काढून तिच्या गळ्यात घातले. तिने वाजवले ते ठेक्यात नव्हते.

आता माझा मुद्दा. गोव्यात ठिकठिकाणी घुमट आरतीच्या स्पर्धा होतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळे तरुण मुले आली, बायकांची पथके उभी राहिली. काकूंना जे मिळाले नाही ते त्यांच्या नातीच्या पिढीला मिळते आहे. परंतु ती बक्षिसांची आरती आणि ही घरातली आरती या वेगळ्या वस्तू आहेत. मी दरबारी गाण्याच्या घरात वाढलो. आश्रय काढून घेतला की गाण्याचे काय होते, ते आमच्या घराने पाहिले आहे. संस्थाने विलीन झाली आणि मोठमोठे गवई शिकवण्यांच्या मागे लागले. आमचे गाणे तरले, कारण ते शिकणारा-शिकवणारा वर्ग होता आणि सभा, रेडिओ असे नवे आश्रयदाते मिळाले. घुमटाच्या आरतीला आश्रयदाता कधी लागलाच नव्हता. घरातल्या माणसांनीच म्हणायची, घरातल्यांनीच चुकायची. ती उद्या फक्त मंचावर उरली, तर आमच्यासारखीच मानधनाच्या तोंडाकडे पाहू लागेल.

आणि यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे. सूर नसेल तर तोंड उघडू नये, अशी एक भीती आम्ही घरोघर पेरली. मैफलीत ती शिस्त हवीच. देवघरात ती आणली तर गाणारे फक्त तयारीचे उरतात, बाकीचे श्रोते होतात, आणि श्रोत्यांचे काम फोनही भागवतो. स्पर्धेतल्या पथकांनी चवथीच्या दिवसांत आपल्या वाड्यावरच्या एकट्या-दुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी एक आरती करावी आणि निघताना त्या घरातल्या पोराच्या हाती घुमट द्यावे, एवढे झाले तरी खूप होईल.

कोल्हापूरच्या वाचकांनी हे गोव्याचे म्हणून बाजूला ठेवू नये. आपल्या जुन्या वाड्यांतून आता सदनिका झाल्या; आरती किती घरी म्हटली जाते आणि किती घरी लावली जाते, हे ज्याने त्याने पाहावे. माझ्या घरी यंदापर्यंत मुलगी टाळ्या वाजवीत असे आणि मी गात असे. गौरीच्या दिवशी तिला पुढे केले. तिने दोन कडव्यांची अदलाबदल केली आणि स्वर इतका वर धरला की शेवटी आवाज चिरकला. माझ्या तोंडावर दुरुस्ती आली होती, ती मी गिळली.

परवा डिचोलीहून फोन होता. काकांचे घुमट त्यांच्या मुलाने काकूंच्या नातीला दिले आहे. ती रोज संध्याकाळी बडवते, शेजारी वैतागले आहेत. काकू दारात बसून मात्रा सांगतात.