मापाचे की बिनमापाचे?

गेले दोन महिने माझ्या डोक्यात एकच विषय आहे. चांगले महागडे इन-इअर मॉनिटर घ्यायचे, तर तयार घ्यायचे की कानाचा साचा देऊन बनवून घ्यायचे? (बायकोच्या मते हा विषयच नाही. असो.)

साचा देणं मजेशीर प्रकार आहे. ऑडिऑलॉजिस्ट आधी कानात दोरा बांधलेला स्पंजचा बोळा सरकवतो, मग सिलिकॉन भरतो. आपण तोंडात ठोकळा धरून गप्प बसायचं, कारण जबडा हलला की कानाच्या नळीचा आकारही बदलतो. १९९५ साली जेरी हार्वीने असे मॉनिटर बनवले ते व्हॅन हेलनच्या ड्रमरसाठी. स्टेजवर घाम गाळत ड्रम बडवणाऱ्याचे मॉनिटर जागचे हलून कसं चालेल? तिथे साचा हवाच.

मी रात्री खुर्चीत बसून ऐकणारा माणूस. तयार मॉनिटरला रबरी टोप्या बदलून बघता येतात. फट राहिली की खर्ज गायब, नीट बसली की तंबोरा कसा भरून येतो! साच्याचं म्हणजे आधी पैसे, मग आवाज. आणि विकायला काढले तर घेणार कोण?

पण खरं सांगू? परवा माझे जुने मॉनिटर बाबांच्या कानात घातले, मोठी टोपी लावून. त्यांना हल्ली टीव्हीसुद्धा मोठ्याने लागतो. अर्धा तास डोळे मिटून बसले होते. साच्याचे असते तर त्यांच्या कानात गेलेच नसते.

तेव्हा तयारच घेतोय. मोठ्या टोप्यांचं एक पाकीट जास्तीचं मागवलंय.