घासाघीस करा, पण कोणाशी?

भाव न करता खरेदी करणारा माणूस आपल्या जुन्या मराठी घरांत अजूनही भोळा समजला जातो. आठवडी बाजारातून पिशवी घरात आली की पहिला प्रश्न “कितीला दिलं?” हाच असतो. उलट शहरात शिकून आलेल्या मुलांना भाव करायची लाज वाटते. पांढुर्णा-सौंसरच्या समाजबांधवांनी या दोन्ही सवयींचा एकदा विचार करावा.

भाव करणे मुळात वाईट नाही. जिथे मालावर किंमत लिहिलेली नसते तिथे ती बोलूनच ठरते. सकाळच्या टवटवीत मेथीचा भाव एक, संध्याकाळच्या कोमेजलेल्या जुडीचा दुसरा. यात कोणी कोणाला फसवत नाही. हातावर पोट असलेल्या घराने दोन रुपये वाचवले तर त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

प्रश्न आहे तो बागा, दुकाने आणि नोकऱ्या असलेल्या आपल्यासारख्यांचा. आपण अडून बसतो ते टोपली घेऊन बसलेल्या बाईपुढे. तिला नाही म्हणता येत नाही, कारण उरलेली भाजी घरी परत नेऊन उपयोग नसतो. पाकिटावरची छापील किंमत मात्र आपण मुकाट्याने मोजतो. ती कमाल किंमत आहे. त्याहून जास्त घेणे कायद्याविरुद्ध आहे, पण कमी घ्यायला दुकानदाराला मनाई नाही. तिथे विचारायला आपल्याला संकोच होतो.

आणि आपणच विकायला निघतो तेव्हा? संत्र्याची बाग झाडावरच उक्ती दिली जाते. व्यापारी बागेत एक फेरी मारतो, आकडा सांगतो. घरात लग्न असते किंवा बँकेचा हप्ता थकलेला असतो, म्हणून इसार हातात पडताच आपण मान डोलावतो. पुढे बाजार पडला की तोच व्यापारी ठरलेल्या रकमेत सूट मागतो आणि अर्धे फळ झाडावर सोडतो. वर्षभर भाजीत वाचवलेले सगळे पैसे त्या एका दुपारी जातात.

कापसाला निदान सरकारी आधारभाव आहे. मध्य प्रदेशच्या १९७२ च्या कृषी उपज मंडी कायद्यानुसार आधारभाव जाहीर झालेल्या मालाची बोली त्याखाली सुरू करता येत नाही आणि पैसे त्याच दिवशी द्यावे लागतात. किती जण हे मंडीत ठणकावून सांगतात? गाडी परत नेण्याचे भाडे परवडत नाही म्हणून आपण गप्प बसतो. म्हणजे मंडीत आपण त्या भाजीवालीच्याच जागी उभे असतो.

संत्र्याला तर आधारभावच नाही. तिथे एकट्याची घासाघीस चालणार नाही. गावातील बागाईतदारांनी बहार विकण्याआधी एकत्र बसावे, किमान भाव ठरवावा आणि सौदा कागदावर करावा. हप्त्यांच्या तारखा, गारपीट झाली तर नुकसान कोणाचे, तोडणी कधी संपणार, हे सारे त्यात लिहावे.

मतांचेही तेच आहे. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून अनेक निवडणुका झाल्या. आपली मतेही आपण बागेसारखी उक्तीच देत आलो. इसार म्हणून एखादे आश्वासन पुरले. २०२३ मध्ये याच दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. आता मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, संत्र्याच्या भावाचे काय करणार, हे आधी विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

घासाघीस आपल्याला येतेच. ती टोपलीपुढे थोडी कमी करू, आणि बागेत, मंडीत व मतदानाच्या आधी मन लावून करू.