रानात जाऊ, पण आपल्या मर्जीने

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी पालघर स्टेशनवर पाठीला सॅक लावलेल्या मुलामुलींची गर्दी दिसते. कोणी काळदुर्गाला निघालेले असतात, कोणी अशेरीगड-कोहोजला, कोणी जव्हारकडे दाभोशाच्या धबधब्याला. यांतले काही जण रानात राहायला शिकण्यासाठी पैसे भरून शिबिरालाही जातात. ओल्या लाकडावर जाळ करणे, पाण्याची जागा हेरणे, पाल्याफांद्यांचा निवारा बांधणे अशा गोष्टी तिथे शिकवतात. आपल्या वस्तीतली म्हातारी माणसे हे ऐकून हसतात. म्हणतात, “आम्ही पोटासाठी केलं ते ही पोरं पैसे देऊन करतात!”

या हसण्यात खोट नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी पाला खाऊन दिवस काढले, त्यांना टाकळ्याची भाजी म्हणजे उपासाची आठवण वाटते. गाव हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे ठिकाण आहे, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट सांगितले. आपले आईवडील गाव सोडून बोईसरच्या कंपन्यांत आले, ते काही उगाच नाही. मग आता पुन्हा रानाकडे कशाला वळायचे?

माझे मत असे आहे की आपण सोडले ते जातीचे गाव. माती, झाड आणि पाऊस यांच्याशी आपले वैर नव्हते. नाइलाजाने रानपाला खाणे वेगळे आणि आपल्या मर्जीने रान ओळखणे वेगळे.

माणसाला यात समाधान का मिळते, हे समजायला बोईसरमधला कामगार पाहावा. बारा तासांच्या पाळीत तो ड्रम भरतो. तो ड्रम कुठे जातो, त्याचे पुढे काय होते, हे त्याला कधी कळत नाही. तोच माणूस सुटीच्या दिवशी कुंपणावरची करटोली शोधतो, पोरांना दाखवतो, घरी आणून परततो आणि सगळ्यांबरोबर बसून खातो. या कामाची सुरुवात आणि शेवट दोन्ही त्याच्या हातात असतात. आपल्या हाताने काहीतरी पुरे झाले, हे समाधान पगाराच्या चिठ्ठीत सापडत नाही.

दुसरे कारण लक्ष देण्याचे आहे. गवतातून चालताना पाऊल कुठे पडते ते बघावेच लागते. चूल पेटवताना वारा कुठून येतो ते ओळखावेच लागते. मन इकडेतिकडे पळाले की जाळ विझतो. विपश्यनेला बसणाऱ्यांना ही सजगता नवी नाही. नर्स म्हणून सांगते, बीपीच्या, मधुमेहाच्या गोळ्या यामुळे सुटत नाहीत आणि कोणी सांगितले तरी सोडू नका. पण रोज झाडाखालून अर्धा तास चालणे शरीराला आणि मनाला दोघांनाही मानवते.

आपल्या परंपरेतही याला जागा आहे. भिक्खू वर्षावासात एका जागी राहतात. पावसात फिरताना कोवळी रोपे आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत, हे त्यामागचे एक कारण आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत जा. तिथे खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. डोंगरावर पडणारे पाणी साठवून भिक्खूसंघ तिथे राहिला. निसर्गाजवळ राहायला हात जोडून भागत नाही, अक्कल लागते.

ही अक्कल आज आपल्या जिल्ह्यात सर्वांत जास्त आहे ती वारली, कातकरी, कोकणा बायांकडे. शेवळे काकडाच्या फळांबरोबर शिजवले नाहीत तर घसा खाजतो. कडू कंदाच्या चकत्या राख घालून उकडाव्या लागतात, वाहत्या पाण्यात ठेवाव्या लागतात, मगच त्या पोटात घालता येतात. हे कोणत्याही डिप्लोमात शिकवत नाहीत. मीही ते बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बायांकडूनच शिकले.

पण त्यांच्या जगण्याची गोड चित्रे रंगवू नका. याच पट्ट्यात १९४५ मध्ये वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उठाव करावा लागला. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभरहून अधिक बालके कुपोषणाने गेली. रान शेजारीच होते, तरी मुले वाचली नाहीत. रेशन, रस्ता, दवाखाना आणि जमिनीचा हक्क नसेल तर नुसते रान माणसाला जगवत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केला आहे. म्हणून त्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. ज्याला शतकानुशतके कमी लेखले गेले, त्याने दुसऱ्याच्या ज्ञानाला कमी लेखू नये.

आता आरोग्याच्या चार गोष्टी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर औद्योगिक क्षेत्राचा निर्देशांक १०० पैकी ९३.६९ होता. त्यामुळे एमआयडीसीच्या नाल्याकाठची, कंपनीच्या भिंतीलगतची भाजी कितीही हिरवीगार दिसली तरी खुडू नका. पाल्यात शिरलेले जड धातू धुऊन किंवा शिजवून जात नाहीत. रानातली अळंबी जाणत्याने हातात घेऊन ओळखली नसेल तर खाऊ नका, मोबाइलवरच्या फोटोवर तर मुळीच विसंबू नका. नवी भाजी पहिल्यांदा थोडीच खा. ओढ्याचे पाणी उकळूनच प्या. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरू नका, भगताकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा.

या वर्षावासात एका रविवारी विहाराच्या महिला मंडळाने शेजारच्या पाड्यावरच्या एखाद्या जाणत्या आजीला पाहुणी म्हणून बोलवावे. तिला दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च द्यावा. तिच्याबरोबर मुलांना घेऊन माळावर जावे आणि पाच भाज्या ओळखायला शिकावे. मुलांनी वहीत त्या भाजीचे चित्र काढावे, तिचे नाव आणि शिजवायची रीत लिहावी, खाली शिकवणाऱ्या आजीचेही नाव लिहावे. आपल्या घरात शिक्षकाचा मान मोठा असतो. तो मान त्या आजीलाही मिळाला पाहिजे.