काढ्याला टेस्टिंग नको?

गेल्या शनिवारी कर्जतला मावशीकडे गेलो होतो. काकांच्या टेबलावर नवीन बरणी. खोपोली रस्त्यावरच्या एका टपरीवरून आणलेली. लेबल काय, तर 'हृदयातले ब्लॉकेज साफ'! आत अर्जुनाची साल, गुग्गुळ, लसूण. आणि कोलेस्टेरॉलची गोळी दोन महिने बंद. का? "अरे, आपल्या जंगलातलं आहे, साइड इफेक्ट नाही. बरं वाटतंय."

कुठलं जंगल, काका? गुग्गुळ वाढतो कच्छ-राजस्थानच्या कोरड्या रानात. कर्जत-खालापूरच्या धो धो पावसात नाही. ठाकूर-कातकरी वाड्यांमधली झाडपाल्याची जाण खरी आहे, पण तिच्या नावावर ही बरणी खपवू नका.

बरं, गुग्गुळाची परीक्षा झालीच नाही असंही नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यावर मेहनतीने काम केलं आणि १९८७ साली त्यापासून बनवलेल्या औषधाला भारतात परवानगी मिळाली. पण २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर ८ आठवडे चाचणी झाली. वाईट कोलेस्टेरॉल कमी होणं राहिलं बाजूला, उलट थोडं वाढलंच. काहींच्या अंगावर पुरळ उठलं. लसणाची चाचणी २००७ साली स्टॅनफर्डने केली. १९२ माणसं, ६ महिने. फरक शून्य.

म्हणजे वनस्पती कुचकामी? मुळीच नाही. चीनमधल्या लाल यीस्टच्या तांदळाने कोलेस्टेरॉल खरंच उतरतं, कारण त्यात लोवास्टॅटिन या गोळीतलंच रसायन असतं. आणि म्हणूनच गोळीचे साइड इफेक्टही त्यात असतात. साधा हिशोब आहे, ज्याला इफेक्ट आहे त्याला साइड इफेक्टही असू शकतो.

आणि 'बरं वाटतंय' ही टेस्ट नव्हे. वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही, खुपत नाही. रक्त तपासल्याशिवाय कळतच नाही.

माझा खरा राग आपल्यावर आहे, मंडळी. दोन ओळींचा कोड टेस्टिंगशिवाय प्रॉडक्शनला न टाकणारे आपण, घरच्या ग्रुपवर असले चूर्णाचे मेसेज बिनधास्त फॉरवर्ड करतो. रक्तवाहिन्या कडक होण्यावर आणि हृदयविकारावर इलाज असल्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

काकांना रविवारी डॉक्टरांकडे नेलं. गोळी पुन्हा चालू, सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल. काका अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

असो. अबोला परवडला.