लॅपटॉप तुमचा, पण आत कुणाला घ्यायचं ते कंपनी ठरवणार?

आज राजकारण नाही. पण विषय हक्काचाच आहे.

कॉलेजची पोरं, छोटे दुकानदार सर्रास जुने लॅपटॉप घेतात. वायफाय कार्ड गेलं की दुरुस्तीवाला दुसरं बसवतो. कार्ड चांगलं, खाचेत नीट बसतं, तरी काही मॉडेल सुरूच होत नाहीत! जुन्या थिंकपॅडवर तर '१८०२' नंबरची एरर येते: नेटवर्क कार्ड अनधिकृत आहे.

हे ठरवतं कोण? बायोस. म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा, मदरबोर्डच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम. तो जोडलेल्या भागांना विचारतो, तू कोणत्या कंपनीचा, तुझा नंबर काय? इथवर ठीक. पण काही कंपन्यांनी त्यात मंजूर कार्डांची यादीच घालून ठेवली. यादीत नाव नाही, तर प्रवेश नाही. कारण सांगतात रेडिओ लहरींच्या नियमांचं. मग ज्या लॅपटॉपमध्ये अशी यादी नाही, ते कसे राजरोस विकले जातात?

दुसरी वाट आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी 'लिनक्सबायोस' सुरू केलं. २००८ पासून त्याचं नाव 'कोअरबूट'. गूगलच्या क्रोमबुकमध्ये तेच असतं. त्याचा कोड सगळ्यांना खुला. प्रत्येक मदरबोर्डसाठी 'डिव्हाइसट्री' नावाची फाइल असते, त्यात कोणता भाग 'ऑन', कोणता 'ऑफ' ते साध्या अक्षरांत लिहिलेलं. जाणकार माणूस ते वाचू शकतो, बदलू शकतो. खाचेत नवं कार्ड लावलं तर ते शोधून घेतं, मंजुरीची यादी काढून बसत नाही.

उद्याच सगळ्यांनी हे टाका, असं मी म्हणत नाही. ठरावीक मॉडेलवरच चालतं, आणि चिपवर चुकीचं लिहिलं गेलं तर लॅपटॉप ठप्प. पण मुद्दा मालकीचा आहे. घर आपलं आणि पाहुणा कोण यावा हे बिल्डर ठरवणार, हे चालेल का?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली. त्या हक्कात दोन गोष्टी हव्यातच. अशी यादी असेल तर ती विकताना खोक्यावर छापा. आणि कंपनीने मॉडेलचे अपडेट बंद केले, की शेवटच्या अपडेटमध्ये यादी उठवा. तोवर शाळा, नगरपालिका लॅपटॉप घेतात तेव्हा निविदेत ही अट घालायला कुणाची हरकत आहे?

तुमच्या लॅपटॉपने कधी चांगलं कार्ड नाकारलंय का? कमेंटमध्ये मॉडेल लिहा.