काळ आपोआप येत नाहीत

इंग्रजीचे काळ वर्गात शिकवूच नयेत, असं ठासून सांगणारं एक व्याख्यान नुकतंच ऐकलं. समोर बसलेले बहुतेक शिक्षक मराठी शाळांतले होते आणि माना डोलावत होते, म्हणून हा लेख लिहावा लागतो आहे. वक्त्यांचं नाव घेत नाही. हे मत त्यांच्या एकट्याचं नाही, आणि ज्यांची मुलं मराठी शाळेत शिकत नाहीत त्यांच्याकडून ते विशेष आवेशानं मांडलं जातं.

त्यांचं म्हणणं असं. मूल आईकडून भाषा शिकतं तेव्हा त्याला भूतकाळ आणि भविष्यकाळ कोण शिकवतं? इंग्लंडातल्या मुलाला पूर्ण वर्तमानकाळाचं नावही ठाऊक नसतं, तरी ते बिनचूक बोलतं. आपण मात्र बारा काळांचा तक्ता भिंतीवर टांगतो आणि मुलांची जीभ बांधून ठेवतो. तेव्हा व्याकरण बंद, तक्ता बंद, आणि मुख्य म्हणजे इंग्रजीच्या तासाला मराठी बंद. कानावर इंग्रजी पडत राहिलं की काळ आपोआप येतील. जे काही चुकेल ते मोबाइल दुरुस्त करील.

मोबाइलचा मुद्दा आधी निकालात काढू. मुलाखतीला बसलेल्या मुलाच्या तोंडातलं वाक्य मोबाइल दुरुस्त करत नाही. इंग्लंडातल्या मुलाच्या घरीदारी इंग्रजी आहे. ज्याच्या घरी ते नाही, त्याला त्या मुलाचा दाखला देऊन काय उपयोग? बारा काळांच्या तक्त्यावरून मात्र माझं त्यांच्याशी भांडण नाही. रूप बदलून दाखवलेले काळ इंग्रजी क्रियापदाला दोनच आहेत, वर्तमान आणि भूत. बाकी सगळं काम हॅव, बी, विल ही सहायक क्रियापदं करतात. येस्पर्सन यांच्यासारख्या मोठ्या भाषाशास्त्रज्ञानं तर इंग्रजीला भविष्यकाळ नाहीच, असं मांडलं होतं. तीन काळ गुणिले चार प्रकार करून काढलेला तो तक्ता घोकून मुलाला ‘आय शॅल हॅव बीन गोइंग’ म्हणता येतं. ते कधी म्हणायचं, हे मात्र कळत नाही. तो तक्ता उतरवला तर मला दुःख होणार नाही. पण तक्ता निरुपयोगी म्हणून काळ शिकवणंच निरुपयोगी, ही उडी कुठल्या तर्कात बसते?

आता आईकडून शिकणाऱ्या मुलाचा दाखला. तो ऐकायला गोड आहे, हिशेबाला मात्र टिकत नाही. शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 दिवस शाळा ठरवली आहे. रोज चाळीस मिनिटांची इंग्रजीची एक तासिका धरा, एकही तास बुडाला नाही असंही धरा. वर्षाचे सुमारे 147 तास होतात. घरातलं तान्हं पोर दिवसाला दहा तास जागं असतं असं मानलं, तर शाळेचं इंग्रजीचं सबंध वर्ष म्हणजे त्या पोराचा पंधरवडा झाला. आणि त्या पंधरवड्यातही आईसारखं एकाच पोराशी बोलणारं कुणी नाही. पन्नास मुलं आहेत, हजेरी आहे, पोषण आहाराची नोंद आहे. एवढ्या वेळात काळ ‘आपोआप’ यावेत अशी अपेक्षा मुलांकडून करायची, आणि ते आले नाहीत की खेड्यातल्या मुलांना इंग्रजी येतच नाही म्हणायचं!

शिवाय ते तान्हं पोरही नुसतं कानावर पडलेलं बोलत नाही. ‘मी करलं’ असं म्हणणारं पोर कुठल्या मराठी घरात नसतं? ‘करलं’ हे त्याला कुणी ऐकवलेलं नसतं. धरलं, भरलं, सरलं यांवरून नियम त्यानं स्वतः काढलेला असतो आणि तो ‘कर’ला लावलेला असतो. इंग्रज मूल याच रीतीनं ‘गो’चं ‘गोड’ करतं. ‘वेंट’ पक्कं व्हायला वेळ लागतो. म्हणजे दोन वर्षांचं पोर नियमच शोधत असतं. बारा वर्षांच्या मुलाला तो नियम नीट, त्याला समजेल अशा भाषेत सांगायला कसली हरकत आहे?

पण माझा खरा राग मराठी बंद करण्यावर आहे. काळांच्या चुका मराठीतून येतात, म्हणून मराठी वर्गाबाहेर काढा, असं हे लोक म्हणतात. पुष्कळ चुका मराठीतून येतात हे खरं. म्हणूनच मराठी वर्गात हवी, कारण जी गाठ मराठीत बसली आहे ती मराठीतच सुटते.

आठवीतल्या एका मुलीची वही माझ्यासमोर आली होती. तिनं लिहिलं होतं, ‘इफ इट विल रेन, वुई विल नॉट गो.’ बाईंनी पहिल्या ‘विल’वर लाल रेघ मारून वर ‘रेन्स’ लिहिलं होतं. का, असं तिनं विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं होतं, इंग्रजीत असंच असतं. मुलीनं ते पाठ केलं आणि पुढच्याच पानावर पुन्हा ‘इफ ही विल कम’ लिहिलं. मी तिला एवढंच विचारलं, की हेच आईला मराठीत कसं सांगशील? ‘पाऊस आला तर आम्ही जाणार नाही.’ पाऊस उद्याचा आहे आणि तू ‘आला’ म्हणालीस. उद्याच्या गोष्टीला भूतकाळाचं रूप तुझ्या मराठीत रोज चालतं, त्यात तुला काही वावगं वाटत नाही. मग इंग्रजीनं तिथं वर्तमानाचं रूप वापरलं तर बिघडलं कुठं? दोन्ही भाषा इथं ‘जर’च्या पोटात भविष्याचं रूप घेत नाहीत, मराठी एक रूप घेते, इंग्रजी दुसरं. मुलगी हसली आणि तिनं पुढची तीन वाक्यं बरोबर लिहिली. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणं हा गुन्हा असता, तर हे बोलणंच झालं नसतं.

‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ हे वाक्य तर सर्वांना ठाऊक आहे. त्यावर विनोद करणारे पुष्कळ आहेत, समजावून सांगणारे थोडे. मराठीत आपण ‘तीन वर्षांपासून मी इथं राहतो’ असं म्हणतो. राहणं मागं सुरू झालं आणि आजही चालू आहे. त्यातलं ‘आज चालू आहे’ हे टोक मराठीनं क्रियापदात धरलं आणि मागचं टोक ‘पासून’वर सोपवलं. इंग्रजी दोन्ही टोकं क्रियापदातच बांधते, म्हणून ‘हॅव बीन लिव्हिंग’. फ्रेंच आणि जर्मन या वाक्यात मराठीच्याच बाजूला आहेत. तिथंही तीन वर्षांपासून माणूस वर्तमानकाळातच राहतो, आणि ती माणसंही इंग्रजी शिकताना नेमकी इथंच अडखळतात. तेव्हा ही मराठी मुलाच्या बुद्धीची उणीव नाही. दोन भाषांनी वेगळ्या ठिकाणी मारलेली ती गाठ आहे. इंग्रजी ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा क्षण मागते आणि कालावधी असेल तर ‘फॉर’ मागते, हेही इथंच सांगून टाकता येतं.

उलटी गंमतही दाखवता येते. ‘हा सिनेमा मी काल पाहिला आहे’ हे मराठीत कुणाला खटकत नाही. इंग्रजीत ‘हॅव सीन’ आणि ‘यस्टरडे’ एका वाक्यात नांदत नाहीत. काल, परवा, 2019 साली अशी वेळ नेमकी सांगितली की इंग्रजीला साधा भूतकाळच लागतो. हा नियम मराठी वाक्य शेजारी ठेवून सांगितला की मुलाला कळतं. एरवी त्यानं ‘आहे’ दिसलं की ‘हॅव’ लावायचं, एवढंच ठरवलेलं असतं, आणि ते ठरवण्यात त्याची काहीच चूक नसते.

अप्रत्यक्ष कथनाचं तसंच. ‘मी येतो असं बाबा म्हणाले.’ मराठी बाबांचे शब्द जसेच्या तसे उचलून ठेवते. इंग्रजी ते शब्द सांगणाऱ्याच्या बाजूला ओढते. ‘मी’चा ‘तो’ होतो आणि ‘विल’चं ‘वुड’ होतं. परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो आणि मुलं रूपांतराचे तक्ते पाठ करून येतात. रूपं बदलतात कशामुळं, ते कुणी सांगितलेलं नसतं.

आणि मराठी सगळीकडे अडचणच करते असंही नाही. ‘आजोबा पहाटे उठत, ओसरीवर बसत’ हा आपला रीतिभूतकाळ पाहा. जे नेहमी घडायचं आणि आता घडत नाही, त्याला मराठीनं स्वतंत्र रूप दिलं आहे. इंग्रजी तिथं ‘यूज्ड टू’ किंवा ‘वुड’ जोडून काम भागवते. हे मुलाला दाखवलं की त्याला पहिल्यांदा कळतं की आपल्याकडेही काही आहे, किंबहुना इथं जास्त आहे. जो मुलगा या जाणिवेनं इंग्रजीकडे जातो, तो मान खाली घालून जात नाही. मराठी बंद करणाऱ्यांना याची किंमत कळत नाही, आणि मला सर्वांत जास्त दुखतं ते हेच.

हा वाद जुना आहे. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हाही असंच रान पेटलं होतं. एक बाजू म्हणत होती, जितकं लवकर तितकं बरं. दुसरी म्हणत होती, मराठीचा गळा घोटला. पहिली की पाचवी यावर कागदांच्या चळती खर्ची पडल्या. मी त्या वेळीही विचारलं होतं आणि आजही विचारतो, की कोणत्या इयत्तेपासून ते ठरवलंत, पण मुलानं ‘का’ विचारलं तर शिक्षकानं काय सांगायचं, ते कोण ठरवणार? ज्या शिक्षकाला स्वतःला ‘असंच असतं’ एवढंच शिकवलं गेलं, तो दुसरं काय सांगणार? दोन्ही बाजूंना या प्रश्नात रस नव्हता. तो आताच्या वक्त्यांनाही नाही, कारण ‘आपोआप’ म्हटलं की शिक्षकाला काही शिकवावंच लागत नाही.

मराठीतून इंग्रजी शिकवणाऱ्या तर्खडकरांच्या जुन्या भाषांतर पाठमालेची टिंगलही या व्याख्यानात झाली. एका पिढीनं ती पाठ केली आणि तिला इंग्रजी बोलता आलं नाही, असं सांगण्यात आलं. बोलता आलं नाही, हे काही अंशी खरं आहे. ती पुस्तकं बोलण्यासाठी नव्हतीच. पण मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य समोरासमोर ठेवून माणसाला दोन्हींतला फरक स्वतः शोधायला लावणं, ही त्यांतली कल्पना आजही खरी आहे. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजीचं व्याकरण होतं. मराठीचं व्याकरण लिहिताना इंग्रजी चाललं, मग इंग्रजीचं व्याकरण शिकताना मराठी का चालू नये? 1935 सालचं रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड पुस्तक अजून दुकानात मिळतं. ते इंग्रजीतूनच इंग्रजी समजावतं आणि मराठी मुलाची गाठ कुठं बसली आहे, हे त्याला माहीत असण्याचं कारणच नाही. पाठमालेला ते माहीत होतं.

मग मी काय मागतो आहे? फार काही नाही. सातवी-आठवीत काळ उघडपणे, मराठीतून शिकवावेत. बारा नव्हे, जिथं मराठी आणि इंग्रजी वेगळ्या वाटेनं जातात तेवढ्याच जागा निवडाव्यात: ‘जर’ची वाक्यं, ‘पासून’ची वाक्यं, ‘काल’ आणि ‘हॅव’, म्हणणं सांगायची पद्धत, आणि ‘डिड ही वेंट’सारखी जागा, जिथं इंग्रजी भूतकाळाची खूण एकदाच लावते. प्रत्येक जागेला आधी मुलाचं स्वतःचं मराठी वाक्य घ्यावं, मग इंग्रजी. त्यानंतर गोष्टी वाचाव्यात, भरपूर ऐकावं, बोलावं. तिथं वक्त्यांशी माझं दुमत नाही, कारण नियम कळलेला कान जास्त ऐकतो. आणि डीएलएडच्या विद्यार्थ्यांना ही तुलना शिकवावी, म्हणजे उद्याच्या वर्गात लाल रेघेबरोबर दोन वाक्यांचं कारणही लिहिलं जाईल.

व्याख्यान देणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीच्या वर्गावर एक महिना उभे राहा. मराठीचा शब्द न उच्चारता, कुठलाही नियम न सांगता शिकवा. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी मुलांकडून ‘जर’ची दहा वाक्यं लिहून घ्या. त्या वह्या मला पाहायच्या आहेत.