‘जेनिफर्स बॉडी’ आणि उशिरा आलेली माफी

करिन कुसामा दिग्दर्शित ‘जेनिफर्स बॉडी’ सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा त्यात भीती वाटत नाही आणि हसूही येत नाही, असा बहुतेकांचा शेरा होता. रॉजर ईबर्ट यांनी त्याला चारपैकी तीन तारे दिले, पण असे समीक्षक थोडे. २०१७ नंतर, ‘मी टू’ चळवळीच्या प्रकाशात, हाच चित्रपट स्त्रीवादी कृती म्हणून गौरवला जाऊ लागला आणि त्याची माफी मागणारे लेख आले. या माफीचा आम्हाला आनंद आहे. मात्र ती मागताना चित्रपट पुन्हा नीट पाहिला गेला का, याविषयी आम्ही साशंक आहोत.

पहिल्या चुकीचे कारण सर्वज्ञात आहे. पटकथा डायब्लो कोडी यांची. ‘ज्यूनो’साठी त्यांना २००८ मध्ये ऑस्कर मिळाले होते. तरीही जाहिरातींनी पुढे केले ते मेगन फॉक्सचे देहसौंदर्य. चित्रपट ज्या मुलींसाठी लिहिला त्यांना वगळून तो तरुण मुलांना विकला गेला, ही तक्रार दिग्दर्शिका आणि लेखिका दोघींनीही पुढे मुलाखतींतून मांडली. मुखपृष्ठ पाहून पुस्तकाचे परीक्षण लिहिण्याची खोड आपल्याकडेही अपरिचित नाही.

परंतु खरी अडचण रसमिश्रणाची होती, असे आम्हाला वाटते. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस मानले आहेत. या चित्रपटाच्या मध्यवर्ती प्रसंगात हे तिन्ही रस एकाच वेळी उभे आहेत. मिनेसोटातील डेव्हिल्स केटल या कल्पित गावी एक होतकरू बँड येतो. कार्यक्रम चालू असताना बारला आग लागते आणि गोंधळात बँडवाले जेनिफरला गाडीत घालून नेतात. त्यांना प्रसिद्धीसाठी सैतानाला कुमारिकेचा बळी द्यायचा आहे. विधी त्यांनी इंटरनेटवरून उतरवून घेतला आहे. हे आपल्यावर बलात्कार करणार, असे वाटून जेनिफर सुटकेच्या आशेने आपण कुमारिका असल्याचे खोटेच सांगते, आणि तेच खोटे तिला वेदीवर नेते. ती रडत, विनवण्या करत असताना बँडचा प्रमुख हातात सुरा घेऊन तिच्या नावाचे एक लोकप्रिय गाणे थट्टेने म्हणतो. साथीदार सूर मिळवतात.

येथे हास्य आहे, पण ते मारणाऱ्यांचे. क्षणापूर्वी त्यांच्या बावळटपणाला हसलेला प्रेक्षक आपण कोणाच्या पंगतीत बसलो आहोत हे ओळखतो आणि गप्प होतो. २००९ मध्ये जो सुराचा गोंधळ म्हणून दोष ठरला, तोच या प्रसंगाचा आशय आहे. पुढे गाव त्याच बँडला आगीतून लोकांना वाचवणारे वीर मानते आणि त्यांचे गाणे गावाच्या शोकाचे गाणे होते. हा उपहास कोणत्याही रक्तपातापेक्षा आम्हाला अधिक भयावह वाटला.

आता दुसरी चूक. पुनर्मूल्यांकनाच्या भरात हा चित्रपट अत्याचारित मुलीच्या सूडाची कथा म्हणून सांगितला जातो. संहिता तसे म्हणत नाही. बळी कुमारिकेचा नसल्याने जेनिफर मरत नाही, तिच्यात पिशाच्च शिरते. आणि ती खाते ते शाळेतल्या मुलांना. मित्राच्या मृत्यूने खचलेला खेळाडू, कविमनाचा कॉलिन, मैत्रीण नीडीचा प्रियकर चिप — यांतील एकही अपराधी नाही. बँडला ती हातही लावत नाही. त्यांना मारते नीडी, तेही जेनिफरला स्वतःच्या हाताने संपवल्यानंतर, श्रेयनामावलीत. म्हणजे कथा आहे ती दोन मैत्रिणींतील प्रेमाची, मत्सराची आणि वर्चस्वाची. अत्याचाराने त्या नात्यालाच दात फुटतात. जेनिफरला निखळ न्यायदेवता केले, की नीडीचे दुःख निरर्थक ठरते. पूर्वी पोस्टरने जे केले ते आता सद्हेतूने घडते आहे. वर्गात हा चित्रपट ‘स्त्रीवादी भयपट’ या शीर्षकाखाली लावणाऱ्या शिक्षकमित्रांनी याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

तिचे पहिले भक्ष्य तर बहुतेकांच्या लक्षातही राहत नाही. तो भारतातून आलेला विद्यार्थी आहे, अहमत नावाचा. शाळेत त्याची ओळख एवढीच. आगीतून तो वाचला आहे, रस्त्यावर एकटाच आहे. तू सुखरूप असल्याचे कोणाला ठाऊक आहे का, असे जेनिफर त्याला विचारते. तो मान हलवून नाही म्हणतो. गावाच्या लेखी तो आगीतच गेलेला असतो.